जोडणीचें गणित

चांगल्या वस्तू एकत्र आणल्या कीं त्यांपासून चांगलीच वस्तू निर्माण होते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. उत्तम इंजिन, उत्तम गिअरबॉक्स व उत्तम चाकें मिळालीं म्हणजे उत्तम मोटार झालीच, असें कोणासही वाटेल. परंतु जे भाग निरनिराळ्या कारखान्यांत निर्माण झाले, त्यांस एकमेकांची ओळख नसते; ती ओळख करून देणें हेंच कारागिराचें खरें काम होय. सन २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटींत इंग्लंडांत माझ्या धाकट्या बहिणीकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हां हें काम मला जवळून पाहावयास मिळालें. मी शाळेंत पदार्थविज्ञान शिकवितों. म्हणून पाहिलेल्यापैकीं कांहीं भाग आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा, अशी इच्छा आहे.

बहीण कॉव्हेंट्री शहराजवळ राहते. तिचा मुलगा अभियांत्रिकीचें शिक्षण दुसऱ्या वर्षीं सोडून घरीं आला होता आणि घराच्या गॅरेजमध्यें एक मोटार बांधीत होता. "दादा, तूं शिक्षक आहेस, तुझें तरी तो ऐकेल," असें बहिणीनें मला आधींच कळविलें होतें. आमच्या मेहुण्यांनीं तर त्या गॅरेजांत पाऊल टाकावयाचें नाहीं, असा निश्चयच केला होता. बापलेक एका टेबलाशीं जेवीत, परंतु मीठ मागण्यापलीकडे त्यांचें बोलणें होत नसे.

अशा स्वहस्तें जोडलेल्या मोटारीस तिकडे 'किट कार' म्हणतात. सन १९५७ मध्यें कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीनें 'सेव्हन' नांवाची एक हलकी मोटार काढली. ती सुट्या भागांच्या रूपानें घेतल्यास त्या वेळचा खरेदीकर लागत नसे. म्हणून अनेकांनीं ती आपल्या घरींच जोडली. सन १९७३ मध्यें तो कर जाऊन मूल्यवर्धित कर आला व ती सवलत संपली; परंतु आपल्या हातांनीं मोटार बांधण्याची हौस मात्र संपली नाहीं. भाच्याची मोटार ह्याच घराण्यांतील होती. सांगाडा दुसऱ्या कोणीं अर्धवट सोडलेला, इंजिन फोर्डच्या एका घरगुती मोटारीचें आणि गिअरबॉक्स माझ्दा कंपनीच्या एमएक्स-५ ह्या, सन १९८९ मध्यें प्रथम निघालेल्या, दोन आसनी स्पोर्ट्स मोटारीचा.

असा संकर करण्याचें कारण काय, असें मीं त्यास विचारलें. तो म्हणाला, "मामा, हें इंजिन मूळ गाडींत आडवें बसलेलें होतें व पुढचीं चाकें फिरवीत होतें. मला तें उभें बसवून मागचीं चाकें फिरवावयाचीं आहेत. त्याचा स्वतःचा गिअरबॉक्स मला निरुपयोगी आहे."

आतां येथून अडचणींस प्रारंभ झाला. इंजिनाचीं बोल्टांचीं भोकें गिअरबॉक्सच्या भोकांशीं जुळत नव्हतीं. म्हणून दोहोंच्या मध्यें ॲल्युमिनियमची जाड पट्टी घालावी लागली. पट्टी घालतांच गिअरबॉक्स तितकाच मागें सरला आणि त्याच्या पुढील शाफ्टचें टोंक इंजिनाच्या दांड्यांतील लहान बेअरिंगपर्यंत पोंचेना. म्हणून त्या बेअरिंगसाठीं लेथवर नवें बूड तासून तें पुढें आणावें लागलें. क्लचची प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील उभ्या दांत्यांत बसली पाहिजे, परंतु तिचा व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलशीं जुळला पाहिजे. म्हणजे एकाच चकतीनें दोन धन्यांची सेवा करावयाची! शिवाय मूळ माझ्दा मोटारींत गिअरबॉक्सची शेपटी एका लांब धातूच्या तुळईनें मागील डिफरन्शिअलला बांधलेली असते. सांगाड्याचा तिला निराळा टेकू नसतो. ह्या गाडींत ती तुळई नव्हती. तेव्हां रबरी बैठकीचा नवा टेकूही करावा लागला.

ह्या सर्वांत मला अत्यंत मोलाची वाटली ती गोष्ट केंद्राची. इंजिनाच्या दांड्याचें केंद्र व गिअरबॉक्सच्या शाफ्टचें केंद्र एका रेषेंत नसल्यास बेअरिंग व क्लच अकालीं झिजतात. भाच्यानें इंजिनाच्या दांड्यास डायल गेज बांधलें आणि पट्टीच्या मधोमध तासलेल्या गोल भोकाच्या आंतील कडेवरून त्याचें टोंक एक पूर्ण फेरा फिरविलें. कांटा एकंदर ०.३० मिलिमीटर हलला. ह्याचा अर्थ केंद्र ०.१५ मिलिमीटर सरकलें होतें. कारण एका बाजूस जितकें अंतर वाढतें, तितकेंच समोरच्या बाजूस घटतें व कांटा दुप्पट दाखवितो. पांच सहस्रांश इंच, म्हणजे सुमारें ०.१३ मिलिमीटर, ह्यापलीकडे फरक नसावा असा कारागिरांत संकेत आहे. म्हणजे दोष अवघा ०.०२ मिलिमीटरांचा! मीं म्हटलें, "एवढ्यानें काय बिघडणार?" तो हंसला व म्हणाला, "तें मला गाडी उघडल्याशिवाय दिसणार नाहीं, मामा. म्हणून आतांच पाहतों." त्यानें पट्टी काढली, स्थान धरणाऱ्या खिळ्या नव्यानें बसविल्या आणि दोन दिवसांनीं पुन्हां मोजलें. ह्या खेपेस कांटा ०.१० वर थांबला.

पुढचा प्रश्न क्लच दाबण्याचा. सांगाड्यावरील पेडल तारेनें ओढण्याच्या बेतानें केलेलें होतें, आणि माझ्दाचा क्लच द्रवाच्या दाबानें चालतो. पास्कलचा सिद्धांत आपण वर्गांत शिकतों कीं, कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो. पेडलाशीं असलेल्या मास्टर सिलिंडरचा व्यास पांच अष्टमांश इंच आणि गिअरबॉक्सवरील स्लेव्ह सिलिंडरचा पाऊण इंच धरा. क्षेत्रफळांचें प्रमाण १ : १.४४ येतें. पेडलाच्या तरफेनें पायाचा जोर पांचपट होत असेल, तर १० किलोचा जोर प्रथम ५० व नंतर ७२ किलोचा होतो. परंतु निसर्ग फुकट कांहींच देत नाहीं. मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला तर स्लेव्हचा केवळ १७ मिलिमीटरांहून थोडा अधिक सरकतो. भाच्यास एका शेजाऱ्यानें पाऊण इंची मास्टर सिलिंडर फुकट देऊं केला होता. त्यानें कागदावर हिशेब केला: पाय जड होईल, आणि स्लेव्हचा दट्ट्या पूर्ण २५ मिलिमीटर सरकून क्लचच्या स्प्रिंगची पाकळी मर्यादेपलीकडे दबेल. त्यानें आभार मानून तो परत केला, आणि लहान सिलिंडर विकत घेऊन पेडलाखालीं त्याची चाल रोखणारा बोल्टही बसविला.

शेवटीं नळींत द्रव भरून हवा काढण्याचें काम उरलें. द्रव दाबला जात नाहीं, हवा दबते. नळींत बुडबुडा राहिला तर पेडल खालीं जातें, पण क्लच सुटत नाहीं. हें काम एकट्याचें नव्हे. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें गाडीखालून स्लेव्हवरील लहान तोटी उघडावी, बुडबुडे जातांच बंद करावी, मगच पहिल्यानें पाय उचलावा. आधीं पाय उचलला तर बाहेरची हवा पुन्हां आंत! मी दिवा धरून टांकींतील द्रव कमी होऊं न देण्याच्या कामावर होतों. तितक्यांत मेहुणे कामावरून परतले व दारांत उभे राहिले. गाडीखालून आवाज आला, "पप्पा, जरा पेडल दाबतां कां?"

मेहुणे क्षणभर थांबले. मग त्यांनीं कोट काढून खुंटीस अडकविला आणि आंत येऊन बसले. "दाबा." "दाबलें." "धरा... सोडा." पाऊण तास ह्या तीन शब्दांपलीकडे संभाषण झालें नाहीं. अखेर पेडल कठीण लागूं लागलें, तेव्हां मेहुणे म्हणाले, "आतां भरलें रे." आणि मग, आपल्याशींच बोलल्याप्रमाणें, "हें सगळें तूं मोजून केलेंस?" भाचा गाडीखालूनच म्हणाला, "हो. वही तिथें बाकावर आहे." मेहुण्यांनीं ती वही घेतली व उभ्यानेंच वाचीत राहिले.

त्या रात्रीं बहिणीस मीं सांगितलें कीं, तुझ्या मुलाचें शिक्षण थांबलेलें नाहीं. परंतु त्याला पदवीचा रस्ता हवा कीं कारखान्याचा, हें त्याला व त्याच्या वडिलांना एकत्र बसून ठरवूं दे. महाविद्यालयांत तो त्या वर्षीं परत गेला नाहीं. एका यंत्रशाळेंत उमेदवार म्हणून लागला असून सायंकाळच्या वर्गास जातो. बहिणीच्या मनाला अद्याप पुरतें समाधान नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. मोटार सरकारी परीक्षकाकडे गेली, तेव्हां प्रथम एका पत्र्याची कड धारदार म्हणून नापास झाली. दुसऱ्या खेपेस पास झाली. क्लचविषयीं परीक्षकानें एक शब्दही काढला नाहीं, ह्याचाच भाच्याला फार आनंद झाला.

विद्यार्थिमित्रहो, वर्तुळाचें क्षेत्रफळ काढतांना "ह्याचा पुढें उपयोग काय?" असें तुम्ही मला पुष्कळदां विचारतां. कोठें दोन सिलिंडरांत, कोठें केंसाहून बारीक अंतरांत तो उपयोग दडलेला असतो. आणि पालकांस विनंती इतकीच कीं, तेलानें माखलेले हात पाहून बाहेरूनच परतूं नये. आंत जाऊन एकदां वही मागून पाहावी.