शीड सोडू नकोस

नागपूरला समुद्र नाही, ही गोष्ट आम्हांला लहानपणी फार लागे. सदरमध्ये आमचे घर. एका बाजूला लिबर्टी टॉकीजची गर्दी, दुसऱ्या बाजूला कॅथेड्रलची घंटा, आणि उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू नाही. मुंबईचा समुद्र रेल्वेने आठशे किलोमीटरांहूनही दूर. वडील मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात होते. दर दोन-तीन वर्षांनी पास निघे आणि मुंबईच्या मावशीकडे जाऊन आम्ही दोघे भाऊ ती अथांगता पाहून येत असू. परत आल्यावर धाकटा वहीच्या मागच्या पानावर जहाजे काढीत बसे. पुढे मोठा झाल्यावर आपण नौदलातच जाणार, असे तो सदरमधल्या प्रत्येक काकू-मावशीला सांगत सुटला. काकू हसत. ‘पाणी तर पाह्यलं नाही पोरानं,’ म्हणत.

(येथे एक खुलासा करणे बरे. या लेखातील ‘आम्ही’ म्हणजे काही ठिकाणी आम्ही दोघे भाऊ, पण बहुतेक ठिकाणी एकटा लिहिणारा थोरला. जे सांगायचे आहे ते ‘मी’ म्हणून सांगण्याचे धैर्य अजूनही होत नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे.)

समुद्र नसला तरी अंबाझरी होता. १८७० साली शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला हा तलाव नागपुरातला सर्वांत मोठा. सदरहून सायकलीने लॉ कॉलेज चौक, रविनगर असे करीत पाऊण तासात पाळीवर पोहोचता येई. कॉलेजात आम्ही एन.सी.सी.च्या नौदल शाखेत होतो ते केवळ या तलावासाठी. वल्ही मारून तळहाताला घट्टे पडले, शिडाच्या दोऱ्या ओढून बोटे सोलली. धाकटा तेव्हा शाळेत. तो पाळीवर बसून आमच्याकडे असा पाही, की आम्ही जणू कोलंबसच आहोत.

१९८७ सालच्या जुलैत काही हौशी मंडळींनी अंबाझरीवर एक शनिवार-रविवार शिडांची शर्यत ठरवली. तिचे आकर्षण होते मुंबईहून ट्रकवर आणलेल्या तीन शीडफळ्या. विंडसर्फिंग हा शब्द आम्ही वर्तमानपत्रात वाचला होता. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतील शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, त्यांत नेहमीच्या होड्यांबरोबर ‘विंडग्लायडर’ ही फळीही होती. १९८४ साली लॉस एंजलिसला तीच फळी ऑलिंपिकमध्ये गेली. पण डोळ्यांनी पाहणे निराळे. सुमारे पावणेचार मीटर लांबीची ती फळी. तिला सुकाणू नाही, बसायला जागा नाही, धरायला कठडा नाही. मधोमध उभी डोलकाठी, तीही घट्ट रोवलेली नव्हे, तर मनगटासारख्या सर्व बाजूंना वळणाऱ्या सांध्यावर ठेवलेली. तिला शीड, आणि शिडाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी बूम. फळीवर उभे राहायचे, दोरीने शीड पाण्यातून ओढून वर घ्यायचे, बूम हातांत धरायची आणि स्वतःच्या अंगाच्या भाराने वाऱ्याला तोलून धरायचे. डोलकाठी पुढे कलवली की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवली की वाऱ्याकडे. सारे सुकाणू म्हणजे माणसाचे शरीरच.

फळ्यांबरोबर आलेले गृहस्थ उतारवयाचे, उन्हाने रापलेले. आठवडाभर त्यांनी आम्हा पोरांना शिकवले. रोज सुरुवातीला ते एकच गोष्ट सांगत : भीती वाटली की बूम सोडून द्या. शीड पाण्यात पडेल, फळी जागच्या जागी थांबेल. इतके सोपे वाहन दुसरे नाही. सोडले की थांबते. आम्ही माना डोलावीत असू.

शर्यत जोड्यांची होती. शनिवारी एकाने उतरायचे, रविवारी दुसऱ्याने. दोघांच्या वेळांची बेरीज जिची कमी ती जोडी पहिली. सात जोड्या होत्या. आम्ही धाकट्याला जोडीदार घेतले. तो सतरा वर्षांचा, अंगाने हलका, आणि खरे सांगायचे तर त्या आठवड्यात आमच्यापेक्षा चांगला शिकलेला. आईला सांगितले की आम्ही तिथे नुसते मदतीला जातो आहोत. तिला पाण्याचे भय. दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या तळ्यात पोहायला गेलेल्या पोराची बातमी येई, आणि ती आम्हा दोघांना समोर बसवून ती बातमी मोठ्याने वाचायला लावी.

शनिवारचे वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. आम्ही अकरा वेळा पाण्यात पडलो. पडण्याचे काही नाही, पण प्रत्येक वेळी पाण्याने भरलेले शीड दोरीने वर ओढताना कंबर मोडते. त्यात पाळीवर कॉलेजातली मित्रमंडळी, आणि त्यांच्या बहिणी. सात जणांत आमचा क्रमांक सहावा. सातवा ज्याचा लागला त्याने शर्यत अर्ध्यावर सोडली होती.

रविवारी पहाटेची मिस्सा आटोपून आम्ही दोघे थेट अंबाझरीवर. रात्रभर वारा होता. नागपुरात जुलैचा वारा पश्चिमेचा, हिंगण्याच्या बाजूने येतो आणि तलावाची सारी लांबी ओलांडून पाळीवर आदळतो. त्या दिवशी तो सरळ वाहत नव्हता, झोतांनी येत होता. पाण्यावर दूर काळपट डाग उमटायचा, तो डाग धावत जवळ यायचा आणि मग कानांत दुसरे काही ऐकू येत नसे. मुंबईचे गृहस्थ आभाळाकडे पाहत म्हणाले, ज्यांना खात्री नाही त्यांनी उतरू नये, त्यात कमीपणा काही नाही. दोन जोड्यांनी माघार घेतली.

म्हणजे पाच उरल्या. आम्ही मनात हिशेब केला. धाकट्याने बरी वेळ दिली तर तिसरा क्रमांक हातचा होता. गुडघाभर पाण्यात उभे राहून आम्ही त्याच्या लाइफ जॅकेटचे बंद आवळले आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, “काही झालं तरी शीड सोडू नकोस. सोडलंस की पाच मिनिटं गेली समज.”

त्याने आमच्याकडे पाहिले. काही बोलला नाही. मान हलवली की नाही, ते आता आठवत नाही.

पहिला बोया त्याने असा गाठला, की पाळीवर टाळ्या पडल्या. पाय रोवून, अंग मागे टाकून, जवळजवळ पाण्याला पाठ टेकवून तो चालला होता. वहीतली जहाजे काढणारा हाच का तो, असा आम्हांला प्रश्न पडला. बोयाला वळसा घालताना मात्र घात झाला. नाक वाऱ्याकडे वळायच्या ऐवजी पाळीकडे वळले, आणि त्याच क्षणी मागून झोत आला. फळी उसळली. आता वारा पाठीशी आणि समोर दगडी पिचिंग. अंतर दोनशे पावले असेल. मुंबईचे गृहस्थ तोंडाशी हात धरून ओरडत होते, “लेट गो! सोड!” बचावाची होडी सुटली होती, पण ती मागे पडत होती. आम्ही पाळीवरून धावत होतो आणि आमच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. एक शब्द ओरडायचा होता, ‘सोड’. अर्ध्या तासापूर्वी त्याच्या उलट शब्द याच तोंडातून गेला होता.

त्याने सोडले नाही. फळीचे नाक दगडांवर आदळले, डोलकाठी पुढे कोसळली आणि तो शिडावरून पलीकडे फेकला गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा तो उठून बसला होता, ओठ फुटलेला, आणि हसत होता. डावे मनगट मात्र भलत्याच बाजूला लोंबत होते.

कोणाच्या तरी स्कूटरवरून दवाखाना गाठला. वाटेतच आम्ही दोघांनी ठरवले : लॉ कॉलेज चौकात सायकलवरून पडला. आईने विश्वास ठेवला. पुढे कित्येक वर्षे ती शेजारीपाजारी, पॅरिशच्या बायकांत, त्या चौकातल्या वाहतुकीला नावे ठेवीत राहिली. वडिलांनी त्या संध्याकाळी धाकट्याची सायकल अंगणात आणली, फडक्याने पुसली, चाके फिरवून पाहिली, चिमट्यात धरून हँडल पाहिले. कुठे ओरखडा नव्हता. त्यांनी ती नेहमीच्या जागी ठेवली आणि हात धुऊन जेवायला बसले. त्यांनी कधी विचारले नाही. ते विचारते तर बरे झाले असते, असे आम्हांला त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशीही वाटले.

हाड जुळले, पण तळहात पूर्ण उताणा होईना. एरवी कोणाच्या लक्षातही येणार नाही एवढीच ती अढी. १९८९ साली तो नौदलाच्या भरतीला गेला. लेखी झाली, धावणे झाले, वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितले. परत आल्यावर दारात चपला काढताना तो एवढेच म्हणाला, “हात.” आम्ही त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेलो आणि बराच वेळ माठापाशी उभे राहिलो.

तो पुढे रेल्वेत लागला, सिकंदराबादला स्थिरावला. लग्न झाले, मुली झाल्या. सुट्टीत सदरला येई तेव्हा कॅथेड्रलमध्ये आम्ही शेजारी उभे राहत असू. सगळे जण कम्युनियन तळहातावर घेत. हा तोंड उघडून जिभेवर घेई. नव्या पिढीला वाटे, काका जुन्या वळणाचे भाविक आहेत. एका तरुण फादरांनी तर त्याबद्दल त्याची स्तुतीही केली. तो मंद हसला. डावा तळहात थाळीसारखा उघडत नाही, हे त्या देवळात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते.

या विषयावर आम्ही दोघे छत्तीस वर्षे एक अक्षर बोललो नाही.

मग २०२३ चा सप्टेंबर आला. २२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर नागपुरात चार-एक तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी ओसंडला, नाग नदी फुगली, आणि खालच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते कमरेएवढ्या पाण्यात. माणसेही दगावली. सदरला आम्ही सुखरूप होतो. दोन दिवसांनी पाळीकडे जाऊन आलो. चिखल, उलटलेल्या मोटारी, दारात वाळत घातलेल्या गाद्या, आणि वर तो तलाव, काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पसरलेला. अलीकडे त्याच्यावर जलपर्णीचा हिरवा थर चढू लागला आहे. त्यावर शीड कसे चालणार, असा विचार मनात आला आणि आम्ही घाईने परतलो.

२६ तारखेच्या रात्री धाकट्याचा फोन आला. पुराची चौकशी झाली, नातेवाइकांची झाली. मग तो म्हणाला, “दादा, बातम्या पाह्यल्या? आपल्या पोरानं पदक आणलं. फळीवर.”

पाहिल्या होत्या. हांगझोऊच्या आशियाई खेळांत, निंगबोच्या समुद्रात, इबाद अलीने पुरुषांच्या विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळवले होते. त्याच दिवशी नेहा ठाकूर या मुलीने छोट्या शीडहोडीत रौप्य मिळवले, आणि ती शिकली कुठे, तर भोपाळच्या तलावावर. “भोपाळले तरी कुठं समुद्र हाय!” धाकटा म्हणाला. पस्तीस वर्षे बाहेर राहूनही त्याची सदरची बोली गेलेली नाही. मग त्याने गोव्याच्या डेन आणि कात्या कुएल्यो या भावंडांचे सांगितले, दोघेही याच खेळात देशासाठी उतरलेली. ऑलिंपिकसाठी तर आता पाण्याखाली पाते लावलेली नवी फळी आहे, वेग घेतला की ती पाण्यावरून अधांतरी उचलली जाते. हे सारे त्याने मोबाईलवर पाहून ठेवले होते. कधीपासून पाहत होता, कोण जाणे.

आम्ही म्हणालो, “बाबू, त्या दिवशी तुला शीड सोडू नको म्हटलं ते...”

पुढचे वाक्य छत्तीस वर्षे तयार होते, तरी जिभेवर येईना.

तो म्हणाला, “कोणत्या दिवशी? वाऱ्यात काही ऐकूच येत नव्हतं. तू काही बोलला होता का?”

“मग सोडलं का नाहीस? ते गृहस्थ ओरडत होते.”

“सोडावंसं वाटलं नाही, दादा. एवढ्या जोरात मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो. पुढंही नाही गेलो.”

आम्ही त्याच्या कानाशी वाकून बोललो होतो. तेव्हा झोत नव्हता. लाइफ जॅकेटचे बंद आवळताना त्याचा श्वासही ऐकू येत होता. त्याने ऐकले नसणे कठीण. पण हे त्याला म्हणावे की न म्हणावे, ते ठरेना, आणि तेवढ्यात तो पुढे बोलू लागला.

“ते शीड नारंगी होतं ना?”

“पिवळं होतं.”

“नाही. नारंगी. खाली पांढरा पट्टा. माझ्या तोंडासमोर होतं ते, मला ठाऊक नाही?”

“पाळीवरून मला साफ दिसत होतं. पिवळं.”

त्यावर आमचे बरेच भांडण झाले. शेवटी पलीकडून वहिनींनी जेवायला बोलावले म्हणून फोन ठेवावा लागला. डिसेंबरात तो नाताळला आला तेव्हा घरातले जुने अल्बम काढून आम्ही दोघांनी शोध घेतला. त्या दिवसाचा एकही फोटो निघाला नाही.