मोफत होतं, पण मीटर पळत होतं

'मोफत' या शब्दाशी आपलं नातं जरा विचित्रच आहे. एकावर एक मोफत म्हटलं की आपण दुकानात शिरतो. पण कुणी खरोखरच काही न मागता द्यायला आला, तर 'याचा यात काय फायदा?' म्हणून त्याच्याकडे संशयानं बघतो. मला या शब्दाचा अर्थ थोडाफार कळला तो टेलिफोनच्या तारेवरून. इंटरनेट तासांवर मोजून मिळायचं आणि मोडेम किंचाळल्याशिवाय कुठेच जाता यायचं नाही, असा तो काळ होता. तरीही जगभरची माणसं स्वतः लिहिलेले प्रोग्राम एकमेकांना फुकट पोचवत होती. त्या पोचवणाऱ्यांबद्दल आज लिहायचं आहे.

सुरुवात शिकागोत झाली. जानेवारी १९७८ मध्ये तिथे प्रचंड हिमवादळ झालं आणि माणसं घरात अडकली. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोन हौशी मित्रांनी त्या दिवसांत एक यंत्रणा बांधायला घेतली. संगणकाला टेलिफोन जोडायचा, दुसऱ्या कुणी आपल्या संगणकावरून त्या नंबरला फोन करायचा, निरोप वाचायचे आणि आपला निरोप ठेवून जायचं. १६ फेब्रुवारी १९७८ ला ती सुरू झाली. लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांना एंगेज टोन.

याच क्रिस्टेन्सन यांनी आदल्या वर्षी फोनवरून फाइल पाठवण्याचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासोबत एक बेरीज पाठवायची. समोरच्यानं ती पडताळायची. जुळली तर पुढचा तुकडा, नाही जुळली तर तोच तुकडा पुन्हा. फोनवर खरखर असली की आपणही हेच करतो, 'ऐकू आलं नाही, परत सांग'. क्रिस्टेन्सन यांनी तो प्रोग्राम सर्वांसाठी खुला करून टाकला. त्यातून पुढे जी पद्धत रूढ झाली तिला एक्समोडेम म्हणतात. म्हणजे मोफत प्रोग्राम पोचवण्याचं जे साधन होतं, तेसुद्धा कुणीतरी मोफतच दिलेलं होतं.

मग पोचवणारे वाढत गेले. मिशिगनमधले कीथ पीटरसन लोकांचे प्रोग्राम गोळा करून, नीट लावून ठेवू लागले. पुढे तो साठा न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या अमेरिकी लष्करी तळावरच्या एका मोठ्या संगणकावर गेला आणि 'सिमटेल-२०' या नावानं प्रसिद्ध झाला. क्षेपणास्त्रांच्या चाचणीच्या जागी जगभरच्या हौशी लोकांचे मोफत प्रोग्राम ठेवलेले असावेत, ही गंमत मला आजही पुरती पचलेली नाही. १९९३ मध्ये तो संगणक बंद झाला, पण साठा मेला नाही. एका सीडी विकणाऱ्या कंपनीनं त्याला जागा दिली.

१९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट सुरू केलं. गावोगावच्या घरगुती संगणकांनी रात्री एकमेकांना आपोआप फोन करायचे आणि साचलेले निरोप, फाइली पुढे ढकलायच्या. रात्रीच का? तर रात्री कॉल स्वस्त. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे, असं करत एखादी फाइल दोनचार दिवसांत खंड ओलांडून जायची. बहुतेक ठिकाणी फोनचं बिल भरायचा तो ज्याच्या घरी तो संगणक असेल तो माणूस, स्वतःच्या खिशातून.

आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमचं. वर्षाला २५० तास. चित्रं दिसणाऱ्या जोडणीला एका व्यक्तीला १५,००० रुपये पडायचे. विद्यार्थ्यांसाठी मात्र ५०० रुपयांत नुसत्या अक्षरांचं खातं होतं. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं, बस्स. मी पुण्यात शिकत होतो आणि ते पाचशेवालं खातं माझ्याकडे होतं. त्यातून फाइल आणायची म्हणजे दोन टप्पे. आधी ती परदेशातून पुण्याच्या संगणकावरच्या आपल्या खात्यात आणायची आणि मग तिथून फोनच्या तारेवरून आपल्या घरच्या संगणकात उतरवायची.

घर होतं कराडला. आणि कराडात माझ्या चाचांचा एसटीडी बूथ होता.

ज्यांनी ते बूथ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. काचेची खोकी, आत फोन, वर लाल आकडे पळणारं मीटर. बोलणं संपलं की पट्टीवर छापलेली पावती बाहेर यायची. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, त्यामुळे खरी गर्दी अकरालाच. मुंबईत नोकरीला असलेल्या पोरांच्या आया झोपाळलेल्या नातवंडांना कडेवर घेऊन रांगेत उभ्या असायच्या. रमजानमध्ये तर तरावीहनंतर रांग रस्त्यावर यायची. बारा-साडेबाराला ती सरली की लाइन मोकळी व्हायची. १९९७ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जुना मोडेम आणि मित्राचा मागून आणलेला संगणक तिथे मांडला आणि पुण्याला फोन लावला.

मला हवा होता डीजेजीपीपी, सी भाषेचा कंपायलर. त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाचा कंपायलर मोठ्या यंत्रांसाठी होता. तो घरगुती संगणकावरच्या डॉसमध्ये चालणार नाही, असं स्वतः स्टॉलमन यांनीच एका सभेत सांगितलं. ऐकणाऱ्यांत डी. जे. डेलोरी होते. त्यांनी १९८९ मध्ये कामाला हात घातला आणि तो चालवून दाखवला. मग तो सिमटेलच्या साठ्यात ठेवला गेला. वेगवेगळ्या झिप फायलींमध्ये, ज्याला जेवढा हवा तेवढा.

आमच्या कॉलेजात कंपायलर नव्हता असं नाही. होता, सगळ्या संगणकांवर होता, सगळ्यांच्या फ्लॉपीत होता. तो कुठून आला हे कुणी विचारत नसे. डीजेजीपीपीच्या बाबतीत विचारायची गरजच नव्हती. तो वापरा, आतला कोड उघडून बघा, दहा जणांना द्या, असं देणाऱ्यानंच लिहून ठेवलं होतं. अट एवढीच, की पुढे देताना घेणाऱ्यालाही हेच सगळे हक्क मिळाले पाहिजेत.

माझं मोडेम कागदावर १४,४०० च्या वेगाचं. पण कराड-पुणे लाइनवर ते ९,६०० ला मान टाकायचं. त्या वेगानं एक मेगाबाइट उतरायला निदान १८ मिनिटं. मला लागणाऱ्या फायली होत्या चार-पाच मेगाबाइटच्या. म्हणजे हिशेबानं दीड तास. प्रत्यक्षात चार रात्री. कधी लाइनवर दुसऱ्याच कुणाचं बोलणं ऐकू यायचं, कधी वीज जायची. वाचवलं ते झेडमोडेमनं. चक फोर्सबर्ग यांनी १९८६ मध्ये लिहिलेली ही पद्धत एक्समोडेमच्या पुढची. फोन तुटला तर पुन्हा जोडल्यावर जिथे थांबलो तिथूनच पुढे. ती टेलेनेट नावाच्या कंपनीनं लिहून घेतली होती, तरी सर्वांना खुली केली गेली.

पहिल्या रात्री चाचा माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर आकडे सरकत होते आणि भिंतीवर मीटर पळत होतं. म्हणाले, "मुफ्त का है बोलता, फिर मीटर कायकू भागता रे?"

मी म्हटलं, "चीज मुफ्त है चाचा, रस्ता मुफ्त नहीं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मतलब किताब मुफ्त, टपाल का खर्चा अपना."

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. मग त्यांनी आणखी एक विचारलं, "चोरी का तो नहीं ना?" नाही म्हटल्यावर "फिर ठीक है, हलाल का है" म्हणून ते झोपायला गेले. पैशाचंही ठरलं. सुट्टीभर दुपारी बूथवर मी बसायचं आणि रात्रीच्या पावत्या त्यातून वळत्या करायच्या.

चाचांचा प्रश्न वरवर साधा होता, पण मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये त्यावर खरोखर खल झालेला आहे, हे मला पुढे वाचनात आलं. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांचं लिनक्ससुद्धा मोडेमच्या पोटातूनच निघालं. १९९१ मध्ये त्यांना घरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायचा होता, त्यासाठी त्यांनी स्वतःचा प्रोग्राम लिहिला. मग फायली उतरवून ठेवायला डिस्कची सोय हवी, म्हणून आणखी लिहिलं, आणि वाढत वाढत त्याची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम झाली. एकदा तर त्यांनी चुकून मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच नंबर डायल करण्याचा हुकूम दिला आणि आधीची सिस्टिम पुसली गेली.

लिनक्सच्या अगदी पहिल्या परवान्यात अट होती की ते देताना पैसे घ्यायचे नाहीत, हाताळणी खर्चाचेसुद्धा नाहीत. ऐकायला किती उदात्त! पण ज्यांच्याकडे नेट नाही त्यांना फ्लॉप्या भरून देणाऱ्यानं काय करायचं? फ्लॉपीला पैसे पडतात, टपालाला पडतात, त्याचा वेळ जातो. लोकांनी हे सांगितलं आणि १९९२ च्या सुरुवातीला टोरवाल्ड्स यांनी परवाना बदलून जीएनयूचा सार्वजनिक परवाना घेतला. पैसे घ्या, पण घेणाऱ्याचे हक्क घेऊ नका, असा त्याचा सारांश. स्टॉलमन स्वतः १९८५ मध्ये ज्यांना नेटवरून मिळत नसे त्यांना आपला ईमॅक्स हा प्रोग्राम १५० डॉलरला टेपवर पाठवत असत. प्रोग्राम मुक्तच होता. दाम टेपचं, टपालाचं आणि श्रमाचं.

मला यात मोठं शहाणपण दिसतं. आपल्याकडे समाजसेवा म्हटलं की करणाऱ्यानं स्वतःच्या पदरचं घालावं, चहासुद्धा पिऊ नये, अशी अपेक्षा असते. मग असा माणूस दोन वर्षांत दमतो, काम थांबतं आणि आपण पुन्हा म्हणतो, 'आपल्यात कुणी काही करत नाही.' पोचवणाऱ्याला रस्त्याचा खर्च मिळाला म्हणून देणं बाटत नाही. ते बाटतं, पोचवणारा वस्तूचा मालक बनून बसला की. चाचा कॉलचे पैसे घ्यायचे, पण त्या आयांच्या बोलण्याचे मालक नव्हते.

आणि पोचवणाऱ्याशिवाय मुक्त सॉफ्टवेअरसुद्धा फार लांब जात नाही. माझी चुलत बहीण, चाचांचीच मुलगी, तेव्हा पॉलिटेक्निकला होती. गणितात माझ्यापेक्षा हुशार. पण रात्री साडेबाराला बूथवर बसायची मुभा तिला नव्हती. बूथ तिच्या बापाचा असूनही नव्हती. परवान्यात तिचा हक्क माझ्याइतकाच होता. तारेपर्यंत पोचायची वाट मात्र मलाच मोकळी होती. तिला डीजेजीपीपी मिळाला तो पाच फ्लॉप्यांवर. तिनं तो पॉलिटेक्निकच्या संगणकावर बसवला आणि पहिला प्रोग्राम माझ्या आधी चालवला. तिच्याकडून तो तिच्या मैत्रिणींकडे गेला. रिवाज एकच, 'कोरी फ्लॉपी तुझी तू आण.' त्या मुलींपैकी एकीच्याही घरी फोन नव्हता. डायल-अपचा इतिहास लिहिताना लोक तारेपाशी थांबतात. तार संपते तिथून पुढची ही पायवाट कुणी लिहीत नाही.

पुढे संगणकाच्या मासिकांसोबत लिनक्सच्या सीडी येऊ लागल्या, मग ब्रॉडबँड आलं आणि फ्लॉप्या संपल्या. आता पोराटोरांच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात ढीगभर मोफत अ‍ॅप. पण चाचांचा प्रश्न मला आज तेव्हापेक्षा जास्त लागू वाटतो. तेव्हा मीटर भिंतीवर होतं, लाल आकड्यांत, सगळ्यांना दिसेल असं. पावती हातात यायची. आजच्या बऱ्याच मोफत वस्तूंचं मीटर कुठे बसवलंय ते दिसत नाही. आपण कुठे जातो, कुणाशी बोलतो, काय बघत बसतो, यावर ते पळतं आणि पावती मिळत नाही. आतला कोड उघडून बघायची परवानगी तर नाहीच. त्यामुळे मुलांना 'मोफत' आणि 'मुक्त' या दोन शब्दांतला फरक समजावून सांगणं हे मला आता वर्गातल्या धड्याइतकंच गरजेचं वाटतं.

बहीण हल्ली मुलींच्या एका शाळेत संगणक शिकवते. शाळेला देणगीत मिळालेले बारा जुने संगणक आहेत. त्यांतले नऊ चालतात, तेही लिनक्सवर. गेल्या महिन्यात तिनं दहावीच्या मुलींना एक पेनड्राइव्ह दिला आणि सांगितलं की प्रत्येकीनं घरच्या किंवा शेजारच्या एका जुन्या संगणकावर हे बसवून यायचं आणि तो पुढच्या मुलीला द्यायचा. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, असं दुसऱ्याला दिलेलं चालतं?"

बहिणीनं तिला परवाना उघडून वाचायला लावला.