बोरघाटाचा चढ आणि आमची डॉज

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जत स्टेशनांत थांबली म्हणजे उतारूंचें लक्ष बहुधा फलाटावरील बटाटेवड्यांकडे असतें. त्याच वेळीं गाडीच्या पाठीमागें एक मोठें काम चाललेलें असतें. तें पाहावयास मात्र फारसें कोणी उतरत नाहीं. दोनतीन जादा इंजिनें हळूहळू मागून येऊन शेवटच्या डब्यास भिडतात. डबे एकदां हलतात, आणि मग पुढच्या इंजिनानें ओढावें व मागच्यांनीं रेटावें, अशा रीतीनें ती अजस्र गाडी पळसदरीवरून खंडाळ्याकडे चढूं लागते. सदतीस फुटांस एक फूट असा हा चढ आहे. लोणावळें आलें कीं मागचीं इंजिनें सुटतात व पुढच्या गाडीसाठीं पुनः खालीं येतात. कर्जतास आमचें वडिलार्जित घर असल्यामुळें हा प्रकार आम्हीं शेंकडों वेळां पाहिला आहे. परंतु त्याचा अर्थ आम्हांस एका मोटारीच्या पायीं उमगला. ती हकीकत वाचकांस सांगावी असें मनांत आहे.

आमच्याकडे 1952 सालची डॉज किंग्जवे गाडी आहे. वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून ती बाहेर पडली. सहा सिलिंडरांचें, सुमारें साडेतीन लिटरांचें इंजिन; स्टिअरिंगच्या दांड्यालगतच गिअरचा दांडा; पुढें जाण्याचे गिअर तीन; आणि पुढच्या सलग बैठकीवर तीन माणसें ऐसपैस मावावींत अशी रुंदी. आजोबांनीं ती घेतली, तीर्थरूपांनीं ती सांभाळली. आमच्या मातोश्रींचें माहेर पुण्याचें. 1961 सालीं लग्न होऊन त्या याच गाडींतून बोरघाट उतरून कर्जतास सासरीं आल्या. आतां त्यांनीं ऐंशी ओलांडली आहे. त्यांची एकच इच्छा होती, कीं ज्या गाडींतून घाट उतरलें त्याच गाडींतून एकदां तो चढून माहेरीं जावें.

गेल्या वर्षीं त्यांच्या भावाच्या नातवाची मुंज ठरली, तेव्हां आम्ही मोठ्या हौसेनें निघालों. परंतु शिंग्रोबाच्या देवळाखालच्या वळणावर उष्णतामापकाचा कांटा टोकास गेला, झांकणाखालून वाफ फुसफुसूं लागली आणि गाडी थांबली. मातोश्री तासभर उन्हांत एका दगडावर बसून होत्या. शेवटीं एका अनोळखी सद्गृहस्थांनीं त्यांना आपल्या मोटारींतून पुण्यास पोंचविलें, तोंवर बटूच्या मस्तकीं अक्षता पडून गेल्या होत्या. त्या आम्हांस एक शब्दही बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

घरीं परतल्यावर वादास तोंड फुटलें. थोरल्या बंधूंचे चिरंजीव पुण्यास इंजिनियर आहेत. त्यांनीं एक जाडशी वही घातली व तिच्यावर ‘नवें इंजिन’ असें मोठ्या अक्षरांत लिहिलें. मोटारींच्या इतिहासाचा त्यांना नाद. अमेरिकेंत 1964 सालीं पाँटिअ‍ॅक कंपनीनें मध्यम आकाराच्या गाडींत आठ सिलिंडरांचें दांडगें इंजिन घालून जीटीओ ही मोटार काढली, आणि ‘मसल कार’ म्हणजे पैलवानी गाड्यांचा जमाना सुरू झाला, हें त्यांनीं आम्हांस रंगवून सांगितलें. तितकें दांडगें इंजिन आपल्यास नको. परंतु एखादें आधुनिक डिझेल इंजिन व त्याचीच पांच गिअरांची पेटी डॉजमध्यें बसविली तर घाट काय बिशाद आहे, असें त्यांचें म्हणणें. बंधूंचें मत नेमकें उलट. “आजोबांचें इंजिन काढलेंत तर उरेल तें पत्र्याचें कपाट,” असें म्हणून ते ओटीवरून उठून गेले. बापलेकांत दोन महिने सरळ बोलणें नव्हतें. वहिनी दोघांनाही वाढीत, पण कोणाचीच बाजू घेत नसत.

अखेरीस खोपोलीच्या एका जुन्या मिस्त्रींचा सल्ला घ्यावा असें ठरलें. मार्गशीर्षांतल्या एका सकाळीं आम्ही कर्जतहून गाडी हळूहळू खोपोलीस नेली. हा रस्ता थंडींत फार रमणीय. भाताचीं खाचरें कापून झालेलीं, त्यांच्या ओलींत वालाचे वेल पसरलेले, आणि उजाडल्यावर धुकें वर सरकूं लागलें कीं डाव्या हातास सह्याद्रीची भिंत एकेक घडी उलगडीत उभी राहते. पळसदरीच्या तलावापाशीं रेल्वेचे फांटे फुटतात: एक डोंगरांत शिरतो, दुसरा सपाटीवरून मुकाट्यानें खोपोलीस जाऊन संपतो. तो संपतो याचें कारण इतिहासांत आहे. 1856 सालीं आगगाडी खोपोलीपर्यंत आली, परंतु पुढें घाट. लोहमार्ग घाट चढून गेला तो 1863 सालीं. मधल्या काळांत पुण्याच्या उतारूस खोपोलीस उतरून पालखी, तट्टू वा बैलगाडी करून, 1830 सालीं गव्हर्नर माल्कम यांनीं गाड्यांस खुल्या केलेल्या रस्त्यानें खंडाळा गांठावा लागे.

खालापूर तालुक्याचा हा मुलूखच चढउताराच्या हिशेबावर जगलेला. घाटमाथ्यावर लोणावळें, वळवण व शिरवटें येथील तलावांचें पाणी मोठमोठ्या नळांनीं सुमारें पांचशें मीटर खालीं आणून टाटांच्या खोपोली वीजघरांत 1915 सालापासून वीज काढीत आले आहेत. काम झाल्यावर तेंच पाणी पाताळगंगेस मिळतें. ते नळ दिसूं लागतांच पुतण्यांनीं मुद्दा काढला: “काका, या घाटांत रेल्वेनेंच वाफेचीं इंजिनें टाकून विजेचीं घेतलीं. 1930 सालीं दख्खनची राणी धांवूं लागली ती विजेवरच. मग आपणच जुन्यास कां चिकटावें?” आमच्याजवळ उत्तर नव्हतें. बंधू खिडकीबाहेर पाहत राहिले.

मिस्त्रींची शेड रस्त्याच्या कडेसच आहे. त्यांनीं वही हातीं घेतली, चष्मा पुसला आणि पुतण्यांचा तोच मुद्दा पुनः ऐकून घेतला. मग म्हणाले, “रेल्वेनं इंजिन बदललं, खरं आहे. पण सोबत तारा टांगल्या, खांब रोवले, ठाकुर्लीला वीजघर उभं केलं. इंजिन एकटं कधीच बदलत नाही, दादा. आपल्याला काय काय बदलावं लागंल तेवढं लिहा.”

तेथेंच बाकावर बसून यादी झाली. नव्या इंजिनाचे पाये चॅसीवर नव्यानें जोडावयाचे. इंजिनाखालचें तेलाचें चेंबर पुढच्या आडव्या तुळईस अडतें कीं काय तें मापावयाचें. गिअरची नवी पेटी लांबीनें वेगळी, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट कापून, पुनः तोलून घ्यावयाचा. डिझेल इंजिनाचे फेरे कमी, त्यामुळें मागच्या डिफरन्शियलचें दांत्यांचें प्रमाणही त्यास जुळणारें हवें. मूळ गाडीची वीज सहा व्होल्टची, नव्या इंजिनास बारा हवे. म्हणजे दिव्यांपासून कांट्यांपर्यंत सर्व जोडणी नवी. गिअरचा दांडा जमिनींतून वर येणार, म्हणजे पुढच्या बैठकीवरची मधली जागा गेली.

“आणि हातब्रेक?” मिस्त्रींनीं विचारलें.

पुतण्या घुटमळले. वहींत हातब्रेक नव्हता. तेव्हां मिस्त्रींनीं त्यांना गाडीखालीं नेऊन दाखविलें कीं या मोटारीचा हातब्रेक मागच्या चाकांवर नाहींच. गिअरपेटीच्या शेपटास एक स्वतंत्र ड्रम आहे, त्यावर तो बसतो. पेटी काढली कीं हातब्रेकही तिच्याबरोबर गेला. बोरघाटांत हातब्रेकावांचून गाडी उभी करणें म्हणजे काय, हें कोणास सांगावयास नको.

कायद्याची बाजू पुतण्यांनींच प्रामाणिकपणें वाचून दाखविली. इंजिन बदलण्यास परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. शिवाय केंद्र सरकारनें 2021 सालीं केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीस ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची निराळी नोंदणी मिळते. त्यासाठीं वीस हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षें चालते. परंतु गाडी मूळ रूपांत असली पाहिजे, आणि रोजच्या येण्याजाण्यास ती वापरतां येत नाहीं. इंजिनांत भारी फेरफार केला कीं तो मान गेला. बंधूंच्या मुद्रेवर किंचित् समाधान दिसलें. मिस्त्रींना तेंही रुचलें नाहीं. ते म्हणाले, “मोठे दादा, तुमचंही चुकतंय. तसंच ठेवायचं म्हणता, पण या इंजिनाचं पाणी शेवटचं कधी बदललं?”

कोणासच आठवेना. तीर्थरूप गेल्यापासून विहिरीचें पाणी ओतावें आणि झांकण लावावें, एवढेंच आम्ही करीत आलों होतों.

मिस्त्रींनीं इंजिन सुरू करविलें व तापूं दिलें. मग बोटांनीं पाण्याचे थेंब पुढून मागें एकेका सिलिंडरावर सोडले. पुढचे थेंब ओघळले; मागच्या दोन सिलिंडरांवरचे मात्र पडतांच चर्रकन् उडून गेले. “पाणी मागं पोचतच नाही,” एवढेंच ते बोलले. दुपारपर्यंत रेडिएटर व पाण्याचा पंप उतरला. या जातीच्या इंजिनांत पंपाच्या मागें, ठोकळ्याच्या पोटांत, लांबच लांब चपटी पत्र्याची नळी असते. तिच्या भोंकांतून थंड पाणी प्रत्येक सिलिंडराच्या झडपांपाशीं वांटलें जातें. आंकडा घालून ती ओढतांच हातीं आलें तें गंजाचें भुगा झालेलें टोंक. उरलेली नळी काढावयास संध्याकाळ झाली. बाहेर ठेवली तेव्हां ती नळी आहे हें सांगावें लागत होतें. इंजिन म्हातारें झालें नव्हतें. त्याच्या घशास कोरड पडली होती, आणि ती आम्हीं पाडली होती.

गाडी तेथेंच ठेवून, नळीचे तुकडे वर्तमानपत्रांत बांधून, पुतण्या व आम्ही दुसऱ्या दिवशीं खोपोलीहून कर्जतास व तेथून पुण्यास निघालों. कर्जतास गाडी थांबली. पुतण्या वडे आणावयास उतरले ते बराच वेळ परत आले नाहींत. पाहतों तों फलाटाच्या टोंकास उभे राहून मागचीं इंजिनें जोडलीं जातांना पाहत होते. गाडी सुटल्यावर म्हणाले, “काका, घाट चढावयास पुढचें इंजिन बदलीत नाहींत. जेथें कमी पडतें तेथें तेवढी मदत देतात.” आम्हीं कांहीं उत्तर दिलें नाहीं; वडा गार होत होता.

पुण्यास तांबट आळींतील एका कारागिरास ते तुकडे दाखविले. हंडे-घंगाळीं घडविणारा तो हात. त्यानें तुकडे ओळीनें मांडले, पुतण्यांनीं कागदावर मापें उतरविलीं, आणि आठ दिवसांत पितळी पत्र्याची नळी तयार झाली. एकेक भोंक मूळच्या जागीं यावें म्हणून पुतण्यांनीं तीनदां फेऱ्या घातल्या. खोपोलीस ती बसली, ठोकळ्यांतला गाळ धुतला गेला, विहिरीच्या पाण्याऐवजीं गंज न धरणारें मिश्रण भरलें.

मातोश्रींस पुढें, मधल्या जागीं बसविलें. सकाळींच निघालों, कारण सहा व्होल्टच्या दिव्यांवर रात्रीं घाटांत जाऊं नये हेंही ठरलें होतें. बंधू चालवीत होते. पुतण्या मागें बसून कांट्यावर नजर ठेवून होते. खोपोली संपली कीं चढ एकदम अंगावर येतो. दुसरा गिअर पडला, आणि इंजिन संथ, जड आवाजांत चढूं लागलें. मागच्या ट्रका भोंगे वाजवून पुढें जात. बंधूंनीं एकासही वाट अडविली नाहीं कीं वेगही वाढविला नाहीं. गेल्या वर्षीच्या त्या वळणावर कोणी बोलेना. कांटा चढला, मध्याच्या किंचित् वर गेला, आणि तेथेंच थांबला.

शिंग्रोबाच्या देवळापाशीं गाडी थांबविली. इंग्रजांस या घाटाची वाट एका धनगरानें दाखविली आणि तीच त्याच्या जिवावर बेतली, अशी आख्यायिका आहे. जाणारे येणारे गाडीवाले त्याच्यापुढें नाणें टाकून पुढें जातात. बंधूंनीं हातब्रेक ओढला. गाडी उतारावर जागची हलली नाहीं. पुतण्यांनीं खालीं वांकून तो ड्रम एकवार पाहिला आणि मग बापाकडे पाहून हंसले. मातोश्रींनीं पदराच्या गांठींतून एक नाणें काढून ठेवलें. “मागच्या वेळीं द्यावयाचें राहिलें होतें,” म्हणाल्या.

खंडाळ्यास वर आलों तेव्हां गार वारा सुटला होता. मातोश्रींनीं कांच खालीं करावयास लाविली व पुण्यापर्यंत वर करूं दिली नाहीं.

पुतण्यांची वही अजून गाडींतच आहे. ‘नवें इंजिन’ ही अक्षरें त्यांनीं खोडलेलीं नाहींत, व कोणी खोडावयासही सांगितलें नाहीं. पुढच्या पानांवर ते आतां प्रत्येक फेरीचा कांटा, गिअर आणि लागलेला वेळ टिपतात. आणि माजघरांतल्या दिनदर्शिकेवर, एकादशीच्या चौकटीशेजारीं, मातोश्रींच्या थरथरत्या अक्षरांत एक नोंद आहे: गाडीचें पाणी पाहणें.