इंजिन आणि आमचा बहादूर

परवा माळा साफ करताना एक जुना झेंडा हाती लागला. भगवा, निळा, हिरवा. आता तो पक्षही वापरत नाही! (२३ जानेवारी २०२० ला मनसेचा झेंडा भगवा झाला, त्यावर राजमुद्रा आली.) हा माझा झेंडा १९ मार्च २००६ चा, शिवाजी पार्कवरच्या पहिल्या सभेचा. तेव्हा मी लालबागला काकाकडे राहून नोकरी करत होतो.

काका १९६६ पासूनचा शिवसैनिक. 'मार्मिक'मध्ये दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या यायच्या, त्या वाचून तापलेला. म्हणजे मनसे ९ मार्च २००६ ला जन्मली तरी आमच्या घरात ती चाळीस वर्षं जुनीच होती. लुंगीवाल्याच्या जागी भैया आला, एवढंच. आणि काकाचे वडील, माझे आजोबा, रत्नागिरीहून आगबोटीने मुंबईला गिरणीत गेलेले. हे मी सभेत आठवलं नाही, कबूल करतो.

पण राग खोटा नव्हता हो. माझा आतेभाऊ पदवीधर, घरी बसलेला. रेल्वेची भरती झाली हे त्याला भरती झाल्यावर कळायचं. जाहिराती मराठी पेपरात दिसत नाहीत, हा मनसेचा मुद्दा त्याला पटला तर नवल काय? पुढे रेल्वेच्या परीक्षा मराठीतून देता येऊ लागल्या, त्याचं थोडं श्रेय या आरडाओरड्याला द्यायलाच हवं.

२००७ मध्ये मी मिरजोळ्याला परतलो, इथल्या एमआयडीसीत कामाला लागलो. आमच्या बागेत सत्तरेक कलमं. राखणीला नेपाळी, म्हणजे 'बहादूर'. फेब्रुवारी २००८ मध्ये उत्तर भारतीयांना मारहाण सुरू झाली, नाशकातून हजारो लोक गाड्या भरभरून निघून गेले. बहादूर बाबांना विचारायला आला, जाऊ का म्हणून.

"अरे, तू नेपाळचा. तुला कोण काय करतंय?"

"साब, मारनेवाला कागज देखेगा क्या?"

बाबा गप्प. शेवटी दोनशे रुपये वाढवून त्याला थांबवलं. मोहोर होता, वानरं होती. तो राहिला तो आमच्या गरजेपोटी. त्यात माणुसकी किती होती, हे मी आजही नक्की सांगू शकत नाही.

मग ऑक्टोबर. १९ तारखेला मुंबईत रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांना मारलं, आणि २१ च्या पहाटे राज ठाकरेंना अटक झाली ती चक्क आमच्या रत्नागिरीत, विश्रामगृहावर! सकाळी कंपनीत दुसरा विषय नव्हता. मीही अटकेवर तावातावाने बोललो. आणि बोलता बोलता लक्षात आलं, बहादूर दिवाळीनंतर यायचा आहे.

त्या वर्षी तो आलाच नाही. गावात राखणीला माणूस मिळेना. आतेभावाला विचारलं तर म्हणाला, "मी ग्रॅज्युएट आहे रे." बाबा साठीच्या वयात रात्री बागेत डबे वाजवत फिरले.

२००९ ला इंजिन जोरात होतं, तेरा आमदार. २०१२ ला नाशिक महापालिकाही आली. मग २०१४ ला एक, २०१९ ला एक, २०२४ ला शून्य. मधे भोंगे, मधे मोदींना पाठिंबा, ५ जुलै २०२५ ला वरळीत दोघे भाऊ एका मंचावर. काकाने ते टीव्हीवर पाहिलं आणि रडला. मला काही वाटलं नाही, याचंच जरा वाईट वाटलं.

असो. बहादूर पुढच्या वर्षी परत आला, मग वर्षानुवर्षं येत राहिला. त्याचं खरं नाव आम्ही कधी विचारलं नाही. यंदा त्याचा मुलगा आलाय. त्याला मात्र मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्याने सांगितलं, आणि वर म्हणाला, "पर आईजी तो बहादूर ही बुलाती हैं."