फ्लॉपीच्या जागी कार्ड

मंडळी, या खेपेला थोडं यंत्रांबद्दल. कंटाळा आला तर खुशाल सोडून द्या.

१९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढली आणि बऱ्याच शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आले. आमच्याही शाळेत आले. मेमरी अवघी ३२ किलोबाइट! आज फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. पण बटण दाबलं की बीप करून क्षणात हजर. आत्ताचे संगणक तेवढ्या वेळात नुसते जांभया देतात.

पुढे शाळेने ते भंगारात काढले, तेव्हा त्यातला एक मी घरी आणला. तो अजून ठणठणीत आहे. गेल्या त्या फ्लॉप्या. कोकणातला पावसाळा... चकतीवर बुरशी धरते, आणि तशीच ड्राइव्हमध्ये घातली तर चकतीही जाते नि ड्राइव्हचं हेडही खराब होतं.

माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्समधला. म्हणाला, “मावशी, फ्लॉपी सोड, कार्ड लावू.” कॅमेऱ्यात घालतात तेच एसडी कार्ड! मधे एक चिमुकलं सर्किट लागतं, कारण कार्ड चालतं ३.३ व्होल्टवर आणि हे म्हातारं पाचवर. सर्किट यंत्राच्या यूजर पोर्टला जोडायचं आणि ‘एमएमएफएस’ नावाची आज्ञावली भरलेली रॉम चिप आतल्या रिकाम्या खाचेत बसवायची, एवढंच. कार्डावरच्या एका फाइलीत ५११ फ्लॉप्या राहतात. पूर्वीसारखंच ‘स्टार कॅट’ टाइप करायचं की यादी पडद्यावर. यंत्राला वाटतं, फ्लॉपीच आहे!

मला यातलं आवडलं ते वेगळंच. ही आज्ञावली मार्टिन मॅथर या गृहस्थांच्या आधीच्या कामावर उभी आहे आणि दोन्ही सर्वांना खुलं. विकत घेतलेलं बंद डबीतलं यंत्र बिघडलं आणि बनवणारा दुकान बंद करून बसला, की आपण परत होतो तिथेच. इथे भाच्याने आराखडा उतरवून घेतला आणि दोन रविवारांत डाग दिले. उद्या हेही बिघडलं तर दुसरा कोणी करील.

“इम्युलेटर आहे की,” असं धाकटी जाऊ म्हणाली. आहे ना. पण मला हव्या होत्या त्या फाइली आधी त्या फ्लॉपीवरून सुटायला तर हव्यात!

१९८७ च्या नववीतल्या मुलांनी या यंत्रावर देवनागरी अक्षरं काढली होती. ‘व्हीडीयू २३’ ही आज्ञा, पुढे अक्षराचा क्रमांक आणि मग आठ आकडे. एकेक आकडा म्हणजे ठिपक्यांची एकेक ओळ. चौकोनी वहीत रंगवून, बेरजा करून मुलं आकडे काढायची. आठ ठिपक्यांच्या रुंदीत ‘क्ष’ बसवताना जी भांडणं झाली होती ती अजून आठवतात.

दोन फ्लॉप्या होत्या. जुना ड्राइव्ह पुसूनबिसून पहिली चालवली आणि सगळी कार्डावर उतरली. ‘क’ ते ‘न’ पडद्यावर आले, जरा वाकडे, पण आले. दुसरीवर ‘डिस्क फॉल्ट’. तीनदा तेच. भाचा म्हणतो बुरशी अलगद पुसून पुन्हा बघू, पण घाई नको. ती कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे. ‘प’ पासून पुढचं सगळं तिच्यात.