ठेच्यातली मिरची, पेपियानमधले तीळ

हिंगोलीहून औंढ्याकडे किंवा वसमतकडे निघालं की रस्त्याकडेच्या ढाब्यांच्या पाट्यांवर ‘गावरान’ हा शब्द हटकून भेटतो. पाटीमागचं ताटही ठरलेलं: ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीनं फोडलेला कांदा. हे जेवण मीही गावरानच मानतो, फक्त त्यामागचं नेहमीचं कारण मला पटत नाही. ‘आपल्या मातीतलं ते गावरान’ ही कसोटी लावायची तर निम्म्याहून अधिक ताट उचलून ठेवावं लागेल. मिरची मूळची मेक्सिको-ग्वाटेमालाकडची, पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात इकडे आली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. टोमॅटो आणि लाल भोपळाही त्याच खंडांतले. जिच्यावर मराठवाड्याचा पिंड पोसला ती ज्वारीसुद्धा काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. राहता राहिली हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण नुसत्या हळदीवर कुणी जेवत नाही.

आता हीच कसोटी उलट्या बाजूनं, ग्वाटेमालाच्या ताटाला लावून पाहावी. तिथला मानाचा पदार्थ म्हणजे पेपियान. सुक्या मिरच्या, टोमॅटो, भोपळ्याच्या बिया, तीळ आणि दालचिनी मातीच्या तव्यावर खरपूस भाजायचे, वाटायचे, त्या वाटणात कोंबडी शिजवायची. दाटपणासाठी भाजलेली तोर्तिया, म्हणजे मक्याची भाकरी, किंवा पाव कुस्करून घालायचा. यातले तीळ भारतीय उपखंडातले, दालचिनीही आशियातली. तरी पेपियानला कुणी परकं म्हणत नाही, आणि म्हणूही नये. आपल्याकडे काळ्या मसाल्यासाठी खोबरं, तीळ, मिरच्या करपू न देता काळपट होईस्तोवर भाजतात. आमटी दाट व्हावी म्हणून धान्य-डाळी भाजून दळलेलं येसर लावतात. दोन्हीकडच्या सुगरणींची कधी गाठ पडलेली नाही. तरी भाजून, वाटून, दाट करायचं गणित दोघींनी आपापल्या चुलीवर सोडवलं. माझं म्हणणं एवढंच की जेवण गावरान ठरतं ते या गणितानं. बियाणं कुठून आलं हा मुद्दा दुय्यम.

शेतात पिकतं म्हणून ते आपलं, हा युक्तिवादही टिकत नाही. वेलदोडा दक्षिण भारताचा, ग्वाटेमालात तो अलीकडे गेला, आणि आज वेलदोड्याच्या निर्यातीत तो देश जगात अग्रेसर आहे. पण तिथल्या स्वयंपाकात त्याला फारशी जागा नाही; माल बहुतांशी अरब देशांच्या कॉफीत जातो. आपल्याकडे सोयाबीनचं तेच झालं. खरिपात हिंगोली जिल्ह्यात नजर जाईल तिकडे सोयाबीन, पण ताटात ते दाण्याच्या रूपात क्वचितच येतं. मोंढ्यावरून ते थेट तेलगिरणीला जातं. म्हणजे घरच्या शेतातलं पीक ताटाला परकं, आणि साता समुद्रापलीकडची मिरची मात्र ठेच्याचा जीव.

यावर कुणी विचारील, मग उद्या मंचुरियनलाही गावरान म्हणायचं का? पन्नास वर्षांनी कदाचित म्हणावं लागेल, त्यात मला वावगं दिसत नाही. पण आज नाही. त्याची चव बाटलीतल्या सॉसमधून येते. ती कमी-जास्त करण्याची किल्ली स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात फारशी नसते. ठेच्याची असते. मिरची भाजायची की तेलात परतायची, लसूण किती, दाणे घालायचे की नाही, यावर दर घराचं वेगळं मत आहे. भांडायला जागा असणं हे मला परंपरेचं पक्कं लक्षण वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे: ज्याला तुम्ही परंपरा म्हणता ती गरिबी होती. हे मी नाकारणार नाही. ग्वाटेमालात मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, धुऊन मगच दळतात. त्या चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका उचलला, चुना तिकडेच राहिला, आणि स्पेन-इटलीतल्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग पसरला. आपल्याजवळही तसं घडलं. हैदराबादेत ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधला पेलाग्रा पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी अभ्यासला आणि १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. तेव्हा नुसती भाकरी-ठेचा हे कौतुकाचं जेवण नव्हे, ते अपुरं जेवण. त्यात डाळ, ताक, पालेभाजी आणि दाण्याची चटणी आली की ताट पुरं होतं. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. बाहेरून आलेल्या दाण्यानं असं घरच्या भाकरीला सांभाळून घेतलं. ढाब्यावर फोटोपुरती भाकरी-मिरची पुढे करणाऱ्यांना हे सांगायला हवं.

राहिला प्रश्न कष्टांचा. भाकरी थापणं आणि तोर्तिया थापणं, दोन्ही बायकांचीच कामं, दोन्ही जाळाशेजारची. घरात या कामाचा हिशेब कुणी ठेवला नाही. म्हणून खानावळीत गावरान जेवण विकलं जातं याचं मला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. निदान तिथे भाकरी नगावर मोजली जाते. ग्वाटेमालात तोर्तिया करून विकणाऱ्या बायकांची दुकानं गल्लोगल्ली आहेत. आपल्याकडेही आता औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो’ची प्रयोगशाळा उभी राहते आहे, देशोदेशीची माणसं येतील, त्यांच्यासाठी पनीर बटर मसाला कुणीही करील. येसराची आमटी त्यांना मिळावी असं वाटत असेल, तर भाकरीमागचा दर थापणारीच्या हातात किती पडतो हे आधी ठरवावं लागेल, पाटीवरचा शब्द नंतर रंगवता येईल.