लांब रात्रीची फुलं

दिवाळीचा फराळ संपतो, आकाशकंदील माळ्यावर जातो आणि पुण्यात फुलांचे खरे दिवस सुरू होतात. पावसाळ्यात बाग हिरवीगार असते, पण फुलाला सुख नसतं. तगर भिजून चिकटते, गुलाबाच्या पाकळ्या झाडावरच सडतात. उन्हाळ्यात मोगरा एकटा किल्ला लढवतो. हिवाळ्यात मात्र ऊन सोसवेल इतकंच असतं, हवा कोरडी असते आणि उमललेली पाकळी दिवसचे दिवस टिकते. फ्लॉक्स, पिटुनिया, डेलिया, ॲस्टर अशी दूरदेशची मंडळी याच तीन-चार महिन्यांत आपल्याकडे सुखानं नांदतात. कुंपणाची कोरांटी पिवळीजर्द होते. बागेत आणि घरात एकाच वेळी इतका रंग दुसऱ्या कुठल्याच ऋतूत नसतो. तरी हिवाळा म्हटलं की आपल्याला आधी हुरडा आठवतो, बाजरीची भाकरी आठवते, फुलं मागाहून. मला या ऋतूचं पहिलं देणं फुलंच वाटतात, आणि त्यांतही शेवंती.

एरवी वर्षभर शेवंतीकडे कुणी वळूनही पाहत नाही. कातरलेली, जराशी राखट हिरवी पानं, बोटांत चुरडली की कडसर वास. जूनमध्ये ती लावायची, जुलै-ऑगस्टमध्ये शेंडे खुडायचे म्हणजे बाजूनं फांद्या फुटून झाड घेरदार होतं. कुंडीत पाणी साचू द्यायचं नाही, पानांच्या मागे मावा दिसला की लगेच धुऊन काढायचा. इतकी राखण केल्यावर पाऊस परततो, आणि एके दिवशी शेंड्याशी वाटाण्याहून लहान, घट्ट मिटलेली हिरवी कळी दिसते.

ती उमलू लागली की एखादं भिंग घेऊन जवळ बसावं. ज्याला आपण शेवंतीचं एक फूल म्हणतो, ती शेकडो फुलं असतात, एकाच तबकावर दाटीनं बसलेली. कडेची एक ‘पाकळी’ हळूच ओढून काढली तर तिच्या तळाशी बारीकशी नळी दिसते आणि त्या नळीतून डोकावणारं दोन फाट्यांचं इवलंसं टोक. म्हणजे ती पाकळी स्वतःच एक पुरं फूल असते. एकेरी शेवंतीच्या मधल्या पिवळ्या ठिपक्यातही तसंच. तिथली नळीदार फुलं कडेकडून आत, वर्तुळावर्तुळानं उमलत जातात. म्हणून तर शेवंती झाडावर कित्येक आठवडे ताजीतवानी राहते. एक फूल थकेतो आतल्या ओळीतलं दुसरं जागं झालेलं असतं.

पण शेवंतीची खरी नवलाई दिसण्यापेक्षा वेळेच्या हिशेबात आहे. ती थंडीमुळे फुलते असं आपण धरून चालतो. थंडीचा हात त्यात आहेच, पण कळी धरायची की नाही हे मुख्यतः रात्रीच्या लांबीवर ठरतं. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान अकरा तासांचा. जेमतेम सव्वादोन तासांचा हा फरक. आपल्याला तो कळतो तो संध्याकाळी दिवा जरा लवकर लावावा लागतो तेव्हा. शेवंतीला तो मिनिटामिनिटानं कळत असतो. 1920 मध्ये गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शेतीखात्यातल्या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं, की दिवस-रात्रीच्या लांबीवरून झाडं आपली फुलण्याची वेळ ओळखतात. पुढे हेही लक्षात आलं की अशी झाडं दिवस मोजत नाहीत, सलग अंधार मोजतात. मध्यरात्री थोडा वेळ उजेड पाडला तरी लांब रात्रीचे दोन तुकडे होतात आणि सगळा हिशेब मोडतो.

हा अंधार मोजतं कोण? पान. 1930 च्या दशकात मिखाईल चायलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं त्यासाठी शेवंतीच हाती घेतली. झाडाच्या वरच्या भागातली पानं त्यानं काढून टाकली. खालच्या पानांना लांब रात्री दिल्या, शेंड्याला दिल्या नाहीत; झाड फुललं. मग उलट केलं, शेंड्याला लांब रात्री आणि पानांना आखूड. झाड फुललं नाही. म्हणजे पान रात्र मोजतं आणि देठातून शेंड्याला निरोप धाडतं. त्या निरोप्याला त्यानं नाव दिलं फ्लोरिजेन. तो निरोप्या एक प्रथिन आहे हे नक्की व्हायला 2007 साल उजाडावं लागलं. झाडाच्या अंगातून निघालेला हा सांगावा ऑक्टोबरच्या त्या कळीपर्यंत पोचतो, हे कळल्यापासून मी शेवंतीच्या पानांकडेही आदरानं पाहते.

आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत शेवंतीच्या कुंड्यांची रांग असते. एका वर्षी रांगेतल्या दोन कुंड्या नुसत्या हिरव्या राहिल्या. खत तेच, पाणी तेच, आणि शेजारच्या कुंड्या फुलांनी वाकलेल्या. माळीकाकांनी वर पाहिलं. भिंतीवरच्या दिव्याचा उजेड नेमका त्या दोन कुंड्यांवर पडत होता. “ताई, दिव्याखाली शेवंती ठेवू नये, ती जागी राहते,” म्हणाले आणि कुंड्या उचलून जिन्यामागच्या कोपऱ्यात नेऊन ठेवल्या. संक्रांतीच्या सुमाराला त्यांनाही कळ्या आल्या. मोठे फूलशेतकरी हेच मुद्दाम करतात. फुलं लांबवायची असली की पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावतात, लवकर हवी असली की संध्याकाळ व्हायच्या आत काळं कापड ओढून रात्र करतात.

दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, ती झोपलेली असतात, असं घराघरांतल्या आज्या सांगत आल्या. त्यांना प्रथिनं माहीत नव्हती, आणि आजीच्या सांगण्यात आधुनिक विज्ञान शोधायचा अट्टहास मला मुळीच आवडत नाही. पण झाडाची रात्र त्याची त्याला असू द्यावी, ही जाण त्या बोलण्यात आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. आता बागांमधून झाडांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळतात, महिनोन्‌महिने तशाच ठेवतात. ते पाहून जीव तुटतो.

रात्रीवर जगणारं आणखी एक झाड पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर आहे, आकाशनिंब. याला बुचाचं झाडही म्हणतात. ऑक्टोबरपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत ते रात्री फुलतं आणि पहाटे फुटपाथवर पांढरा सडा पडतो. त्या फुलाची नळी बोटभर लांब, कारण त्याचा पाहुणा रात्रीचा पतंग, लांब सोंडेचा. फिरायला निघालेल्या बायका ओंजळभर फुलं पदरात घेतात. या फुलांच्या वेणीला दोरा लागत नाही. लांब देठांची एकमेकांत गुंफण करत गेलं की झाली वेणी. ती दुपारपर्यंतही टिकत नाही, पण सकाळचे ते चार तास घरभर तिचाच वास असतो.

घरात फुलं आणण्यालाही हाच ऋतू चांगला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीच्या घटासाठी शेवंती हवीच, म्हणून बाजारात झिप्रीचे पिवळे आणि रेवडीचे पांढरे ढीग लागतात. पूजेचं झालं की उरलेली फुलं मी पितळी वाडग्यात पाण्यावर सोडते. ग्लॅडिओलसच्या दांड्या आणल्या तर त्या उभ्याच ठेवाव्यात. आडव्या ठेवल्या तर रातोरात त्यांचे शेंडे वर वळतात आणि मग तो बाक जात नाही. देठ तिरपा कापावा, पाण्यात बुडतील ती पानं काढून टाकावीत, पाणी रोज बदलावं. त्या दांडीवर फुलं खालून वर उमलत जातात. तळाचं कोमेजलं की खुडून टाकायचं, मग वरच्या मिटलेल्या कळ्याही उमलतात. मे महिन्यात दोन दिवसांत मान टाकणारी दांडी डिसेंबरात आठवडा सहज काढते.

कुंडीतल्या झाडांचं निराळं. नाताळच्या सुमाराला दुकानांत लालभडक पॉइन्सेटिया मांडलेले असतात. मेक्सिकोचं हे झाड. त्याचं जे लाल दिसतं ती पानं असतात, फुलं म्हणजे मधले पिवळसर बारीक दाणे. मादागास्करहून जगभर गेलेला कलांचोही असाच, जाड पानांचा आणि झुपक्यानं फुलणारा. दोन्ही झाडं लोक हौसेनं घरी नेतात आणि पुढच्या वर्षी ती फुलत नाहीत म्हणून हळहळतात. झाडाचा दोष नसतो. बैठकीच्या खोलीत अकरा-बारापर्यंत दिवे चालू, टीव्ही चालू. त्या बिचाऱ्यांना रात्र मिळणार कुठून? ऑक्टोबरपासून सहा-एक आठवडे संध्याकाळी सहा ते सकाळी आठ त्यांना अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावं, दिवसा खिडकीतलं ऊन द्यावं. रोजचा हा उचल-ठेव करण्याचा उद्योग ज्याला जमतो, त्याच्या खिडकीत जानेवारीत लाल-केशरी गर्दी होते.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन भरतं. ते भरवणारी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया 1830 सालची. तिथे ताटाएवढे डेलिया असतात, नजर ठरत नाही असे गुलाब असतात. मी मात्र घरगुती कुंड्यांच्या स्पर्धेत रेंगाळते. तिथे एखाद्या कुंडीसमोर उभ्या असलेल्या काकू अनोळखी माणसालाही शेंडे कधी खुडले, खत काय घातलं, हे सगळं मनापासून सांगतात.

माघ लागला की शेवंती आवरतं घेते. तोवर कुंदाच्या वेलीवर पांढरी चांदणी फुलं आलेली असतात आणि देवघरातली जागा तो घेतो. मग शेवंतीची फुलून गेलेली झाडं जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायची. थोड्याच दिवसांत बुंध्याशी कोवळे फुटवे येतात, प्रत्येकाला आपापली मुळं. उन्हाळाभर त्यांना सावलीत जपायचं आणि पावसाच्या तोंडावर वेगळे करून लावायचे. एका झाडाचे इतके फुटवे निघतात की स्वतःच्या कुंड्या भरूनही उरतात. मग ते दुधाच्या रिकाम्या पिशव्यांतून शेजारी, माहेरी, कामावरच्या मैत्रिणींकडे जातात. माझ्याकडची पांढरी रेवडी मला नणंदेनं दिली, तिला तिच्या शेजारणीनं, आणि त्या शेजारणीनं ती सासवडहून आणली होती. या जूनसाठी माझ्याकडे आधीच तिघींनी नावं नोंदवली आहेत.